घोड्यांच्या सिनेमाचा आकडा

खाताना माणसाचं तोंड कसं दिसतं हे वर्षानुवर्षं अंधारात बसून बघावं लागलं, तर माणसांबद्दल माया टिकून राहणं कठीण. अंदाजबाईंची ती कधीच आटली होती. त्या थिएटरात पहिल्या रांगेच्या कोपऱ्यात बसायच्या, पण पडद्याकडे पाठ करून, खुर्चीत आडव्या वळून. समोर शे-दोनशे चेहरे, पडद्याच्या उजेडात निळे पडलेले, आणि प्रत्येकाचा जबडा चालू. कुणी पॉपकॉर्नचे बोकाणे भरतंय, कुणी चॉकलेटचा कागद चाटतंय, कुणी रिकाम्या पेल्याचा तळ स्ट्रॉने ओढत बसलंय. ओठांवर मीठ, हनुवटीवर बटर. घरी त्या नवऱ्याकडे न बघता जेवायच्या, आणि नवरा शहाणा असल्यामुळे त्याने त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही.

पण पोट त्या जबड्यांवरच होतं. बाई एका अंदाज कंपनीत कामाला होत्या. येणारा सिनेमा पहिल्या तीन दिवसांत किती चालेल, म्हणजे शंभर खुर्च्यांमागे किती भरतील, एवढाच एक आकडा ही कंपनी सिनेमा लागायच्या दोन आठवडे आधी जाहीर करायची. तो वाचून थिएटरवाले ठरवायचे, कुठला सिनेमा घ्यायचा आणि कुठल्याला दारातूनच नमस्कार करायचा. बाकीच्या कंपन्या लोकांना फोन करून विचारत, हा सिनेमा बघाल का? लोक म्हणत, अगदी नक्की, आणि त्या दिवशी घरी लोळत पडत. बाईंची रीत निराळी होती. ट्रेलर सुरू झाला की किती जणांचं चावणं थांबतं, एवढंच त्या बघायच्या. घास गालात तसाच राहिला, हात डब्यात तसाच राहिला, की समजायचं हा माणूस तिकीट काढणार. लोकांची जीभ खोटं बोलते. जबड्याला तेवढी अक्कल नसते.

स्वतः ट्रेलर मात्र त्या कधी बघत नसत. तो त्यांचा नेम होता. आपल्याला आवडलं की आपले डोळे लबाडी करायला लागतात, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्या नेमामुळेच त्यांचा आकडा सहसा चुकत नसे. आकड्याखाली त्यांचं नाव छापलं जायचं. धंद्यात त्यांना खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसलं, तरी अंदाजबाई म्हटलं की कान टवकारायचे.

त्या वर्षीचा मोठा सिनेमा घोड्यांचा होता. वेस्टर्न. ओसाड माळ, धूळ, रुंद टोप्या, कमरेला पिस्तुलं, आणि लांबी पावणेचार तास. दिग्दर्शक म्हातारा आणि हट्टी. सिनेमा कापायला त्याने साफ नकार दिला होता, वर अट घातली होती की जो थिएटरवाला हा सिनेमा घेईल त्याने चार आठवडे दुसरं काही लावायचं नाही. धंद्यातल्या शहाण्यांनी कपाळाला हात लावले. आता घोडे कोण बघतो, असं जो तो म्हणत होता. ज्यांनी जन्मात घोडा जवळून पाहिला नव्हता ते जास्त जोरात म्हणत होते.

पहिल्या थिएटरात ट्रेलर लागला तेव्हा बाईंना वाटलं, यंत्र बिघडलं. संगीत नाही, बोलणं नाही. नुसता वारा, आणि फार लांबून येणाऱ्या टापा. बाई वळल्या नाहीत. त्या चेहऱ्यांकडे बघत राहिल्या, आणि बघता बघता जबडे थांबले. एका बापाच्या गालात घासाचा गोळा झाला होता, तो तसाच राहिला. त्याच्या शेजारी फोनवर बोटं नाचवणारी पोरगी होती, तिची बोटंही थांबली आणि च्युइंगगमही. मागच्या रांगेतला एक म्हातारा तर आ वासून बसला होता. त्याच्या तोंडातलं सगळं बाईंना दिसत होतं, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कुणाच्या उघड्या तोंडाची किळस आली नाही. दुसऱ्या थिएटरात तेच झालं, तिसऱ्यातही तेच. बाईंनी ऑफिसात येऊन आकडा लिहिला, सत्तर. एवढा मोठा आकडा त्या खोलीत कुणी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता.

आता हा आकडा बाईंच्या घरातही जाणार होता, आणि खरी गोम तिथेच होती. बाईंना एक धाकटा भाऊ. तो वडिलांचं थिएटर चालवायचा. एकच पडदा, पण पडदा कसा, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत. वडिलांनी दोन्ही बाजूंच्या भिंती फोडून तो बसवला होता, कारण त्या काळी माळरानाचे, घोड्यांचे रुंद सिनेमे यायचे. पडदा बसला आणि तसले सिनेमे यायचे बंद झाले. तेव्हापासून त्यावर अरुंद सिनेमे लागत, आणि दोन्ही बाजूंना कापडी पडदे ओढून काळे पट्टे ठेवावे लागत. आई त्या पट्ट्यांना 'तुमच्या बापाची चूक' म्हणायची. "केवढी ती चूक, रोज झाडावी लागते," म्हणायची. आई तिकीट खिडकीत बसायची. वडील गेल्यावर तिला घरी बसवायचा प्रयत्न झाला होता. तिने तो हाणून पाडला होता.

थिएटर जेमतेम तग धरून होतं. एक फरशीवाला ते मागत होता. संडास-बाथरूमच्या फरश्यांचं मोठं दालन त्याला तिथे थाटायचं होतं, आणि हाव अशी की बोलणी पक्की व्हायच्या आधीच येऊन तो भिंती मोजून गेला होता. भावाने त्याला सांगितलं होतं, या सुट्टीचे चार आठवडे जाऊ द्या, मग बघू. सुट्टीतच वर्षाची कमाई व्हायची. या सुट्टीसाठी भावापुढे दोनच सिनेमे होते. एक घोड्यांचा. दुसरा बोलणाऱ्या भाज्यांचं कार्टून, भाग तिसरा. चुकीचा घेतला, तर पडद्याच्या जागी कमोड मांडले जाणार होते.

आणि भावा-बहिणीत एक करार होता. आकडा जाहीर व्हायच्या आधी ताईने सांगायचा नाही, भावाने विचारायचा नाही. आधी फुटला तर ताईची नोकरी जाईल हे एक कारण. दुसरं असं की, बहिणीच्या कानगोष्टींवर थिएटर चालतं, असं कुणी म्हटलेलं भावाला खपणार नव्हतं. सगळ्यांबरोबर वाचेन आणि सगळ्यांसारखा ठरवेन, असं तो म्हणायचा. लहानपणी पत्ते खेळतानाही तो असाच होता. समोरच्याचं पान चुकून दिसलं तर डाव मोडायचा.

सत्तर लिहिल्यावर दोन दिवसांनी साहेबांनी बाईंना काचेच्या खोलीत बोलावलं. तिथे घोड्यांच्या सिनेमाच्या कंपनीचा माणूस बसला होता. सगळे त्याला लोणी म्हणायचे, कारण तो कुणालाही, कधीही, कितीही लावू शकायचा. टेबलावर क्रीमच्या बिस्किटांची बशी होती. लोणी एकेक बिस्किट उघडायचा, आतलं क्रीम जिभेने चाटून काढायचा आणि कोरडी बिस्किटं बशीत परत ठेवायचा. बाईंनी नजर भिंतीकडे वळवली. भिंत काचेची होती, तिच्यातही तो दिसत होता.

"मॅडम, सत्तर वाचून डोळ्यांत पाणी आलं माझ्या," लोणी म्हणाला. "काय नजर आहे तुमची. आता एक करा, चाळीस करा."

"सिनेमा तुमचाच ना?" बाईंनी विचारलं.

"आमचाच. म्हणून तर सांगतोय. असं बघा. आपण सत्तर म्हटलं आणि भरल्या अडुसष्ट, तर सोमवारी पेपरात काय येईल? घोडं अडखळलं. आपण चाळीस म्हटलं आणि भरल्या अडुसष्ट, तर? घोडं उधळलं. खुर्च्या तेवढ्याच, मॅडम. बातमी वेगळी."

"म्हणजे स्वतःच्याच लेकराला आधी गावभर ढ म्हणून सांगायचं. मग ते नुसतं पास झालं तरी बँड लावता येतो."

"क्या बात है," लोणी म्हणाला आणि त्याने ते वाक्य फोनमध्ये लिहून घेतलं. या माणसाचा अपमानही करता येत नव्हता. दगडाला पाझर फुटेल, पण लोण्यावर ओरखडा राहत नाही.

"चाळीस वाचून थिएटरवाले सिनेमा घेणारच नाहीत. त्याचं काय?"

"मल्टिप्लेक्सच्या मोठ्या साखळ्यांची काळजी सोडा. त्यांच्या कानात आम्ही खरा आकडा घातलाय."

"आणि छोटे?"

लोण्याने दाढेत अडकलेला कण जिभेने शोधला. "छोटे वाचतील चाळीस," तो म्हणाला. "त्यांनी नाही घेतला तर उलट बरंच. त्यांची माणसं मोठ्यांकडे येतील. गर्दी एका जागी झाली की रांगेचा फोटो छान येतो."

त्यांनी आयुष्यभर ज्या तोंडांचा तिटकारा केला ती सगळी बिचारी नुसती खात होती. हे तोंड वेगळं होतं. "आकडा माझा आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या नावाने जातो. मी चाळीस लिहिणार नाही."

साहेब इतका वेळ चष्मा पुसत होते. ऑफिसचं निम्मं उत्पन्न लोण्याच्या कंपनीकडून यायचं. त्यांनी तो डोळ्यांवर ठेवला. "तुम्ही कशाला लिहिताय, बाई? ऑफिस लिहील. नाव तुमचंच राहील, सवय आहे लोकांना. तुम्ही फक्त बाहेर कुठे बोलू नका."

"आणि बोलले तर?"

"तर पुढच्या महिन्यापासून चार लोकांसारखं तिकीट काढून सिनेमाला जा. पडद्याकडे तोंड करून बसा." साहेब स्वतःच्या विनोदावर हसले, आणि साहेब हसले म्हणून लोणीही हसला.

खरं तर ती बशी उचलून लोण्याच्या मांडीवर उलटी करायला हवी होती. बाईंनी पाणी मागितलं. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "करा काय करायचं ते." मग त्या बाथरूममध्ये गेल्या आणि कितीतरी वेळ हात धूत राहिल्या. हाताला काहीच लागलं नव्हतं.

आकडा जाहीर व्हायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बाई भावाच्या थिएटरवर गेल्या. करार गेला खड्ड्यात, सांगून टाकायचं, असं ठरवूनच निघाल्या होत्या. आई खिडकीची काच जुन्या वर्तमानपत्राने घासत होती.

"आलीस? तोंड का असं, एरंडेल पाजल्यासारखं?" आईने विचारलं.

"डोकं दुखतंय."

"माणसांची तोंडं बघून पगार मिळवतेस, मग दुखायचंच. आत आहे तो. शिडीवर चढलाय. मी नको म्हटलं की चढतोच."

भाऊ शिडीवर होता, हाताला कोपरापर्यंत काळं तेल. बाजूचे काळे पडदे ज्या चाकांवर सरकतात ती चाकं तो साफ करत होता. ताईला बघून त्याचा चेहरा फुलला. "थांब, तुला गंमत दाखवतो," तो म्हणाला आणि त्याने दोरी ओढली. दोन्हीकडचे काळे पट्टे कुरकुरत मागे गेले, आणि तो प्रचंड पांढरा पडदा पहिल्यांदा पूर्ण उघडा पडला. कोपऱ्यांत जुना पांढरा रंग अजून ताजा होता. तिथे इतकी वर्षं उजेडच पडला नव्हता.

"बापाची चूक," मागून आत आलेली आई म्हणाली, पण ती तिथेच उभी राहून बघत राहिली.

"म्हणजे घोडे घेतोयस तू," बाई म्हणाल्या. त्यांच्या जिवात जीव आला होता. सांगायची गरजच पडणार नाही, असं त्यांना वाटलं.

"मन घोड्यांवरच आहे," भाऊ म्हणाला. "पण मनावर थिएटर चालत असतं तर बाबांचंच चाललं असतं. मी ठरवलंय. तुझा आकडा साठच्या वर आला तर घोडे, खाली आला तर भाज्या. छोट्या थिएटरवाल्यांच्या ग्रुपवरही तसंच टाकलंय. तिघं जण माझ्या निर्णयासाठी थांबलेत. त्यांना म्हटलं, घोडामैदान जवळच आहे, माझ्या बहिणीचा आकडा येऊ द्या."

"अरे, पण आकड्याचं एवढं काय. कधी कधी आकडा—"

"ताई, बास." त्याने तेलकट हात दोन्ही कानांवर दाबले. "सांगायचं नाही, विचारायचं नाही. कानाला खडा."

त्याचे कान काळेकुट्ट झाले. आई हसायला लागली, तोही हसला. त्याने हात फार वेळ धरले नाहीत. ते खाली आले, तो शिडीवरून उतरला, फडक्याला हात पुसत ताईच्या समोर उभा राहिला. एक शब्द बोलायचा होता. सत्तर. इतका वेळ त्या तोच शब्द तोंडात घोळवत आल्या होत्या.

बाई बोलल्या नाहीत. भावाने स्वतःच अडवलं, आपण तरी काय करणार, असं त्यांच्या मनात आलं आणि त्याबरोबर जरा हलकंही वाटलं. त्या हलकं वाटण्याची मग त्यांना इतकी शिसारी आली, जितकी लोण्याच्या चाटलेल्या बिस्किटांचीही आली नव्हती. भाऊ ग्रुपवर बोलला असता, तिथून ते साहेबांच्या कानावर गेलं असतं, हे खरंच होतं. पण ते कारण त्यांनी घरी जाताना शोधून काढलं. थिएटरात उभ्या असताना त्या नुसत्या घाबरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आकडा आला. चाळीस, आणि खाली बाईंचं नाव. दुपारी भावाचा निरोप आला. "वाचला ताई. बरं झालं तू आहेस, नाहीतर घोड्यांपायी बुडालो असतो. भाज्यांवर चार आठवड्यांची सही केली." बाईंनी फोन टेबलावर पालथा घातला. आता सांगणं म्हणजे वरातीमागून घोडं. तरी सांगता आलं असतं. निदान त्या तिघांचं तरी अजून ठरायचं होतं. बाईंनी फोन पालथाच राहू दिला.

सिनेमा लागला आणि लोकांची नुसती झुंबड उडाली. बापांनी मुलांना आणलं, मुलांनी आजोबांना आणलं. पावणेचार तास माणसं जागची हलत नाहीत, मध्यंतरात पॉपकॉर्न घ्यायलासुद्धा बाहेर येत नाहीत, अशी तक्रार मोठ्या साखळीच्या एका मॅनेजरने केली. सोमवारी पेपरात रांगेचा फोटो होता. खरोखरच छान आला होता. मथळा होता, 'अंदाज धुळीला, घोडं उधळलं'.

ऑफिसात केक आला. लोण्याने पाठवला होता आणि पाठोपाठ स्वतःही आला होता. केक घोड्याच्या आकाराचा, चॉकलेटचा. सगळे टेबलाभोवती जमले. साहेबांनी बाईंना पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई चुकल्या म्हणून आपण जिंकलो." टाळ्या पडल्या. नव्याने लागलेल्या पोरांना खरं काय ते माहीत नव्हतं, ती मनापासून वाजवत होती. जुन्यांना माहीत होतं. त्यांच्या टाळ्या जास्त मोठ्या होत्या. मग सुरी फिरली, घोड्याचे पाय गेले, पोट गेलं, आणि डोकं लोण्याने स्वतःच्या बशीत घेतलं. सगळ्यांची तोंडं तपकिरी झाली होती. त्या तपकिरी तोंडांनी ते हसत होते, बोलत होते, बोटं चाटत होते. बाईंच्या हातातही कुणीतरी तुकडा दिला. तो त्यांनी तोंडात घातला, कारण सगळे बघत होते. मग त्यांनी तोंडाला कागदी रुमाल लावला आणि घास रुमालात थुंकला. आपण यांच्यातल्याच, हे त्यांना तेव्हा लख्ख कळलं. यांनी निदान गिळला तरी.

त्या तिथून निघाल्या त्या थेट थिएटरवर गेल्या. दुपारचा शो चालू होता. खिडकीपाशी एक म्हातारं जोडपं वाकून बोलत होतं.

"घोडे नाहीत," आई त्यांना सांगत होती. "भाज्या आहेत. घोडे मॉलमध्ये. इथून सरळ जा, सिग्नलला उजवीकडे वळा." जोडपं गेलं. आईने लेकीकडे पाहिलं. "तीन दिवस मी दुसऱ्याच्या थिएटरचा पत्ता सांगतेय. मॉलवाल्यांनी मला पगार द्यायला पाहिजे."

"आई—"

"तुला नाही बोलत. चुकतं माणसाचं. जा आत."

आत जायच्या बोळात भिंतीवर खडूच्या ताज्या रेघा होत्या. फरशीवाला सकाळी येऊन गेला होता. आत दहा-बारा पोरं, एक पेंगुळलेली आई, आणि पडद्यावर एक भोपळा गाणं म्हणत होता. भाज्यांचे दोन भाग बघून पोरांना पुरे झालं होतं. ती रांगांमधून पळापळी करत होती. भाऊ पहिल्या रांगेच्या कोपऱ्यात बसला होता, नेमका ताईच्या जागेवर. मांडीवर पॉपकॉर्नचा मोठा डबा.

"ये," तो म्हणाला. "परवा किती केले होते बघ. फेकवत नाहीत. कालपासून मी आणि आई हेच जेवतोय."

बाई त्याच्या शेजारी बसल्या, सवयीने पडद्याकडे पाठ करून, आडव्या वळून. भावाचा चेहरा निळ्या उजेडात होता. कानाच्या पाळीमागे तेलाचा एक काळा डाग अजून तसाच होता.

"फरशीवाल्याला काय म्हणालास?"

"म्हणायचं काय. आणखी तीन आठवडे या भाज्यांच्याच आहेत. त्याला दिसतंय की." तो चावत राहिला. "पडदा मात्र कुणी घेतो का विचारलं मी. एवढा मोठा कुणाला नको असतो म्हणे."

"आणि ते तिघं?"

"एकाचं तर बंदच होणार असं दिसतंय. त्याने ग्रुपवर तुला शिवी घातली." भावाने ताईकडे पाहिलं आणि घाईने पुढे म्हणाला, "मी गप्प बसलो नाही. म्हटलं, माझ्या बहिणीला बोलायचं नाही. इतक्या वर्षांत कधी चुकली नाही ती. एकदा चुकली तर माणूस आहे म्हणून चुकली. ज्याला तिचा आकडा नको होता त्याने माझ्यावर थांबायचं नव्हतं."

बाई त्याच्या कानामागच्या डागाकडे बघत राहिल्या.

"तू मनाला लावून घेऊ नकोस, ताई," भाऊ म्हणाला. "मला माहीत आहे तुझा स्वभाव. जेवली नसशील दोन दिवस. घे, खा." त्याने डबा त्यांच्यापुढे धरला, आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्या तोंडात मूठभर टाकले. त्याचे दोन्ही गाल फुगले. लहानपणीही तो असाच खायचा, गाल भरून, आणि तेव्हा बाई त्याच्या गालावर टिचकी मारायच्या.

बाईंनी डब्याला हात लावला नाही. "आकडा चुकला नव्हता," त्या म्हणाल्या. "सत्तर होता. त्यांनी चाळीस केला आणि मी करू दिला. तू शिडीवर होतास, तेव्हा मला माहीत होतं."

भोपळ्याचं गाणं संपलं आणि दोन पोरांनी टाळ्या वाजवल्या. भावाचा जबडा थांबला. घास गालात तसाच होता, हात डब्यात तसाच होता.

बाईंनी जन्मभर हेच तर बघितलं होतं. आता मात्र त्यांना ते बघवेना, म्हणून त्यांनी मान वळवली आणि पडद्याकडे पाहिलं. दोन्ही बाजूंना काळे पट्टे होते, आणि मधे भोपळा नवं गाणं सुरू करत होता.